माझ्या नणंदबाईंची प्रयोगशाळा

माणसांशी कसं वागावं हे जिला अजिबात कळत नाही अशी उज्जैनमध्ये एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी नणंद आहे. गाव देवाचं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी गोड बोलण्यावर इथल्या निम्म्या लोकांचं पोट चालतं. रिक्षावालासुद्धा आधी 'आइए माताजी' म्हणतो आणि मग भाडं सांगतो. अशा गावात जन्म, शिक्षण, नोकरी सगळं होऊन सत्तरी गाठली तरी ह्या बाईंच्या तोंडी एकही गोड शब्द बसलेला नाही. आणि तरीही गेली सहा-सात वर्षं माधव नगरातल्या आया आपली चार ते सात वर्षांची मुलं 'जरा चार जणांत मिसळायला शिकू देत' म्हणून ह्याच बाईंच्या अंगणात आणून सोडतात. हिवाळ्यात दुपारी चारला, उन्हाळ्यात सकाळी आठला. मी हे सगळं वरच्या गॅलरीतून पाहत आले आहे, बहुतेक वेळा हातात काहीतरी निवडायचं ताट घेऊन. त्याचा पूर्ण अर्थ मला लागला आहे असं म्हणणार नाही.

नणंदबाई माझ्या नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारण्याची हिंमत घरात कुणाला झाली नाही. मुलींच्या सरकारी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या चौतीस वर्षं सहाय्यक होत्या. काचेच्या वस्तूंशी जितक्या हळुवार तितक्याच माणसांशी थेट. मी नवी नवरी म्हणून उंबऱ्यातून आत आले, तेव्हा बाकी बायका माझ्या नाकाबद्दल आणि रंगाबद्दल एकमेकींच्या कानात बोलत होत्या. ह्या समोर येऊन उभ्या राहिल्या, मला नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझा डावा खांदा खाली आहे. पिशवी नेहमी एकाच हातात घेतेस ना?" मला त्या घरात येऊन दहा मिनिटं झाली होती. खांदा खाली होता हे खरं. एका लग्नात मुलीचे वडील हात जोडून पंगतीतून फिरत होते, 'जेवण कसं झालं' विचारत. सगळे 'वा वा' म्हणत होते. ह्यांनी सांगितलं, "कढीत मीठ दोनदा पडलंय. दोन वेगळ्या माणसांनी टाकलंय. तुमचे महाराज एकमेकांशी बोलत नाहीत का?" आणि एकदा कुणाकडे समाचाराला गेलो असताना, सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, तेव्हा ह्या एकदम उठल्या, खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे केलं. मी लाजेनं अर्धी झाले. पुढे कितीतरी महिन्यांनी त्या घरच्या बाई मला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी काय काय बोलले लोक, काही आठवत नाही. तुमच्या नणंदेनं घड्याळ बरोबर केलं तेवढं आठवतं. आमच्या ह्यांना ते पुढे गेलेलं खपायचं नाही."

त्यांचं मराठी उज्जैनचं. माझ्या सासरचे पूर्वज कधीकाळी दरबारच्या दप्तरात कागद लिहायला म्हणून इकडे आले, आणि पुढच्या पिढ्यांनी मराठी टिकवलं, पण हिंदीच्या मांडीवर बसवून. मी साताऱ्याहून आले तेव्हा कुणी 'येते आहे' या अर्थी 'मी येऊन राहिले आहे' म्हटलं की मी पाहुण्यांची गादी घालायला धावायची. आता मीही तसंच बोलते. निवृत्त झाल्यावर नणंदबाईंनी घराचा खालचा मजला घेतला, आम्ही वरचा. खाली कोटा फरशीचं मोठं अंगण आहे. तिथे त्या एकट्या राहतील, शांतपणे वाचतील, अशी आमची समजूत होती.

सुरुवात एका फळीपासून झाली. मागच्या गल्लीतले दोन भाऊ, एक सहा वर्षांचा आणि एक पाचाचा, आमच्या फाटकापाशी एकमेकांना 'मोटू' म्हणून चिडवत होते. चिडवण्याचं ढकलण्यात आणि ढकलण्याचं केस ओढण्यात रूपांतर झालं. ताई बाहेर आल्या. (मी त्यांना ताईच म्हणते, गल्लीची सगळी पोरं 'बुआ' म्हणतात.) दुसरी कुठलीही आई 'झगडा मत करो बेटा' म्हणाली असती. ह्यांनी विचारलं, "मोटू कौन है, ये पता करना है कि सिर्फ चिल्लाना है?" रंगकामवाल्यानं विसरलेली एक फळी त्यांनी विटेवर आडवी टाकली आणि दोघांना दोन टोकांना बसवलं. मोठ्याचं टोक धाडकन खाली आलं, धाकटा वर लटकला आणि आनंदानं ओरडला, "भैया मोटू!" ताई म्हणाल्या, "हो गया पता. अब फळी सीधी करके दिखाओ." पुढचा अर्धा तास दोघं भाऊ बोटबोटभर पुढे-मागे सरकत होते. मोठा विटेच्या जवळ आला तेव्हा फळी क्षणभर सरळ झाली, आणि ती तशीच राहावी म्हणून दोघांनी श्वास रोखला. त्यांची आई शोधत आली तेव्हा तिला वाटलं काहीतरी भयंकर झालंय, कारण धाकटा जन्मल्यापासून हे दोघं एका जागी इतके शांत तिनं पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोन आयांना घेऊन आली. महिन्याभरात अकरा मुलं झाली.

ताईंची पद्धत एकच होती, आणि ती कॉलेजच्या गरिबीतून आलेली होती. तिथे चार मुलींत एक तराजू, सहा मुलींत एक भिंग, हे ठरलेलं. त्यांनी तेच घरी चालू केलं. कोणतीही वस्तू पुरेशी आणायची नाही. एका आईनं मोठ्या हौसेनं अकरा भिंगं आणून दिली. ताईंनी त्यातली तीन ठेवली आणि आठ परत केली. ती बिचारी म्हणाली, "बुआजी, झगड़ेंगे." ताई म्हणाल्या, "तो?" नंतर मला त्यांनी सांगितलं, "प्रत्येकाला एक दिलं की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसून राहतो. कमी असलं की झगडा होतो. झगडा झाला की बोलावंच लागतं. मी काय वेगळं करून राहिले आहे?" मुलांची नावं त्या लक्षात ठेवत नसत. फळीच्या प्रयोगासाठी सगळ्यांची वजनं केलेली होती, ती मात्र पाठ. म्हणून अंगणात हाका अशा जात: "ए सोळा किलो, तिचा हात सोड. अठरा, पाणी सांडून राहिलास." सुरुवातीला आयांना हे फार लागलं. मुलांना मात्र आपण सतराचे अठरा झालो याचा इतका अभिमान वाटायचा की ती घरी पोळी मागून खायला लागली, आणि आयांनी तक्रार मागे घेतली.

दोरीच्या टेलिफोनचा दिवस मला आठवतो. कागदाचे दोन पेले, मध्ये लांब दोरी. दोन मुली दोन टोकांना. दोघी पेल्यात तोंड घालून एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघी तक्रार करत होत्या की काही ऐकू येत नाही. ताई खुर्चीवर मटार सोलत होत्या. "दोनों बोलेंगी तो सुनेगा कौन? मैं? मुझे नहीं सुनना." मग एकीनं पेला कानाला लावला. तरी ऐकू येईना, दोरी ढिली होती. ताणली, तर इतकी ताणली की पेल्याचं बूड फाटलं. नवा पेला. शेवटी दोघींनी आपापली पावलं सरकवून दोरी ताठ केली, एकीनं हळूच काहीतरी सांगितलं, आणि दुसरी खूप हसली. काय सांगितलं ते कुणालाच कळलं नाही. मग ती म्हणाली, "अब तू सुन." एका आईनं हे फोनवर कुठेतरी वाचलं होतं. तिनं सगळ्यांना सांगितलं की याला 'सोशल स्किल्स' म्हणतात, बड्या शहरांत याचे क्लासेस असतात, आणि ताईंना विचारलं की शेवटी सर्टिफिकेट मिळेल का. ताईंना सर्टिफिकेटपेक्षा 'क्लास' हा शब्द लागला. "क्लास नाही. इथे काम होतं," असं म्हणून त्यांनी तिच्या मुलाला मटाराची सालं गोळा करायला लावली.

मेथीचा प्रयोगही असाच. मातीच्या कुल्हडांत प्रत्येकानं मेथी पेरायची, पण पाणी घालायचं ते शेजारच्याच्या कुल्हडात. गोलू नावाचा एक मुलगा होता, वजन बावीस, मनानं फार उदार. त्यानं शेजारच्या मुलीच्या मेथीला इतकं पाणी घातलं की ती कुजली. मुलगी रडायला लागली. ताईंनी गोलूला रागावलं नाही आणि मुलीला समजावलंही नाही. नुसतं कुजलेलं कुल्हड दोघांच्या मध्ये ठेवलं आणि आत निघून गेल्या. बराच वेळ विचार करून गोलूनं आपलं हिरवं कुल्हड तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "इसमें तू मत डालना, मैं भी नहीं डालूँगा." मला वरून हसू आलं. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तर सुकेल ना ती. मूर्ख."

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा नुकता सुरू होताना, कुहू आली. देवास गेटजवळ तिच्या वडिलांचं बॅगांचं दुकान होतं. मुलगी पाच वर्षांची, बारीक, केस कपाळावर कापलेले. आई फाटकाच्या आत यायला तयार नव्हती. तिथूनच म्हणाली, "बुआजी, ये किसी के पास नहीं बैठती. कोई पास आए तो काट लेती है. स्कूलवालों ने कहा, अगले साल लाना." हे सांगताना ती रडेल असं मला वाटलं. ताईंनी विचारलं, "दूध के दाँत हैं?" आई गोंधळून 'हाँ' म्हणाली. "तो ठीक है. आठ बजे लाना."

कुहू वजनकाट्यावर उभी राहिली नाही. म्हणून अंगणातली ती एकच मुलगी होती जिला ताईंना नावानं हाक मारावी लागायची. ती पाण्याच्या टाकीशेजारी एक बादली पालथी घालून तिच्यावर बसायची आणि बाकीच्यांकडे बघायची. ताईंनी तिला एकदाही 'ये' म्हटलं नाही. फक्त प्रयोगाची परात त्या रोज वीतभर टाकीच्या बाजूला सरकवायच्या. हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. मुलं परातीमागून सरकत, आणि बादली जागच्या जागी असूनही कुहू दर दिवशी थोडी जवळ येत होती. परातीत वाळू, वाळूत लोखंडाचा कीस, आणि दोन मुलांत एक चुंबक. कीस चुंबकाला दाढीसारखा चिकटला की कुहूची मान पुढे यायची.

मग एके दिवशी गोलूनं टाकीवर ठेवलेलं भिंग घ्यायला तिच्या अंगावरून हात लांब केला. तिनं चावा घेतला. त्याच्या हातावर, कोपराच्या खाली, चांगला खोल. गोलू असा ओरडला की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. मी धावत खाली गेले. ताईंनी हात धुतला, हळद लावली, आणि मग तेच भिंग घेऊन खुणा पाहायला लागल्या. "बावीस किलो, गिन. ऊपर कितने?" गोलूनं हुंदका देत वाकून पाहिलं. "छह." "नीचे?" "पाँच... नहीं, छह. एक छोटा है." बाकीची मुलं भोवती जमली, प्रत्येकाला भिंगातून पाहायचं होतं, आणि गोलूचं रडणं केव्हा थांबलं ते त्यालाही कळलं नाही. कुहू मात्र टाकीला पाठ लावून उभी होती. दोन्ही मुठी घट्ट. तिला माहीत होतं आता काय होणार. ते आधी कितीदा तरी झालेलं असणार. ताई तिच्याजवळ गेल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "कुहू, कल भी आठ बजे."

संध्याकाळी सहा आया आल्या. समोरच्या बंगल्यातल्या भाभी पुढे होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं: उद्या डोळ्याला लागलं तर? "बुआजी, या तो वो आएगी, या हमारे बच्चे." ताई म्हणाल्या, "आपके बच्चों के पास घर है, गली है, स्कूल है, टीवी है. उसके पास यही एक जगह है. तो आप अपने रख लो." आया निघून गेल्या. माझ्या नवऱ्यानं वरून खाली जाऊन समजावून पाहिलं. "ताई, एका मुलीसाठी दहा मुलं घालवतेस?" ताई म्हणाल्या, "तराजू डगमगून राहिला तर आम्ही फेकत नव्हतो. पायाखाली कागदाची घडी घालायचो. तू जा, जेव."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी अकराच्या अकरा बसकरं अंगणात मांडली. कुहू आली, बादलीवर बसली. दुसरं कुणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मुलांचे आवाज समोरच्या भिंतीपलीकडून येत होते. ताई परात मांडायच्या, वाळू चाळायच्या, नऊ वाजता सगळं आवरून ठेवायच्या. पाचव्या दिवशी दुपारी त्या जिन्यानं अर्ध्यापर्यंत वर आल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. मी दारात उभी होते.

"मी चुकले का गं?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न विचारला नव्हता. "मला काय माहीत, ताई," असं काहीतरी मी पुटपुटले.

"मलाही लहानपणी कुणी जवळ आलेलं चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी चावत नव्हते. मी बोलायचेच नाही. आई सगळ्यांना सांगायची, पोरगी किती शहाणी आहे, बिलकुल त्रास देत नाही. त्रास दिला असता तर कुणाचं लक्ष तरी गेलं असतं." मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि खाली गेल्या. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. तेव्हा गॅसवर दूध होतं, हे कारण मी स्वतःला दिलं.

आठव्या दिवशी गोलू आला. त्याची आजी त्याला हाताला धरून घेऊन आली होती, म्हणजे खरं तर तोच तिला ओढत होता. आजी वैतागलेली. "घर में चैन नहीं लेने देता. कहता है निशान मिट गए, बुआ को दिखाना है." गोलूनं बाही वर करून हात पुढे केला. ताईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "हओ, मिट गए." मग गोलू तोच हात घेऊन टाकीकडे गेला, बादलीपासून तीन पावलांवर थांबला आणि कुहूला दाखवला. "देख, कुछ नहीं है." कुहूनं पाहिलं.

त्या दिवशी ताईंनी परात आणलीच नाही. खडू आणले. सकाळचं ऊन अंगणात तिरपं पडलेलं, गोलूची सावली त्याच्या दुप्पट लांब. "अपनी परछाईं बना," त्या म्हणाल्या. गोलू खाली वाकला, तर सावलीही वाकली. उभा राहिला, तर हात फरशीपर्यंत पोचेना. त्यानं झटकन वाकून काढायचा प्रयत्न केला. मग पालथा पडून. मग एक पाय जागेवर ठेवून बाकीचा देह लांब करून. दर खेपेला फरशीवर एखादं बेडूक तयार व्हायचं. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "बुआ, ये तो बन ही नहीं सकती." ताई म्हणाल्या, "अपनी खुद नहीं बनती. दूसरा लगता है." गोलूनं त्यांच्याकडे पाहिलं. "मेरे घुटने नहीं झुकते." त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम ताटातले खडे निवडायला लागले. मग तो वळला, सरळ उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना पसरले आणि म्हणाला, "कुहू, तू बना दे. जल्दी, धूप लग रही है."

ती हलली नाही. गोलू उभा राहिला. उज्जैनचं मे महिन्यातलं ऊन आठ वाजताही अंगाला चटके देतं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो हात खाली करेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला राहवेना, मी खाली हाक मारणार होते, तेवढ्यात ताईंनी मान वर न करताच माझ्या दिशेनं तळहात दाखवला. गप्प.

कुहू उठली. तिनं खडू घेतला. सावलीचं डोकं गोलूच्या पायांपासून सगळ्यात लांब होतं, पार टाकीजवळ. तिनं तिथून सुरुवात केली. डोकं, मान, खांदा. एक पसरलेला हात, पाच बोटं वेगवेगळी. ती बसूनच सरकत होती, आणि रेघ जशी पुढे जात होती तशी ती स्वतःही गोलूकडे सरकत होती. कंबर, गुडघे. पायापाशी येऊन ती थांबली. आता रेघ त्याच्या चपलेला टेकवायची होती. गोलूनं उत्सुकतेनं खाली वाकून पाहिलं, आणि सगळी सावली मोडली.

"हिलना मत," कुहू म्हणाली.

आमच्या अंगणात बोललेले तिचे ते पहिले शब्द. गोलू इतका ताठ झाला की श्वास घ्यायचाही विसरला. तिनं त्याच्या दोन्ही चपलांभोवती खडू फिरवला आणि चटकन मागे झाली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी वेळ नऊची केली. मग साडेनऊ, मग दहा. सावली रोज लहान होत होती, आणि कुहूला रोज गोलूच्या जास्त जवळून सुरुवात करावी लागत होती. मी ताईंना विचारलं, हे तुम्ही मुद्दाम करताय ना? त्या म्हणाल्या, "मुद्दाम काय? सूर्य वर येऊन राहिला आहे. विज्ञान आहे ते." मग एका सकाळी गोलू म्हणाला, "रोज मैं ही खड़ा रहूँ क्या? अब तू खड़ी हो." कुहू उभी राहिली. मुठी आवळलेल्या, डोळे मिटलेले. गोलू जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून तिच्याभोवती रेघ ओढत गेला. तिच्या घोट्यापाशी येऊन त्यानं विचारलं, "नाक भी बनाऊँ?" डोळे न उघडता ती म्हणाली, "परछाईं में नाक नहीं होती, पागल." वर माझ्या हातातलं ताट किती वेळ तसंच राहिलं होतं कुणास ठाऊक.

जूनमध्ये इथे भर दुपारी सावली पायाखाली जाते; ते बघायला लोक वेधशाळेत जातात. ताईंनी दोघांना अंगणातच उभं केलं, डोक्याला ओली फडकी गुंडाळून. ढग येत-जात होते आणि नोकरावर ओरडावं तशा ताई त्यांच्यावर ओरडत होत्या. साडेबाराच्या सुमाराला आभाळ मोकळं झालं आणि खरंच, दोघांच्या भोवती फरशीवर काहीच उरलं नाही. गोलू घाबरला. "मेरी कहाँ गई?" कुहूनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तेरे नीचे है. कूद." गोलूनं उडी मारली, आणि त्याच्या पायांखाली एक छोटा काळा ठिपका दिसला आणि तो उतरला तसा मिटला. मग ती पण उडी मारायला लागली. दोघं एकमेकांच्या पायांखाली बघत, हात धरून, उड्या मारत होते. हात कुणी आधी धरला ते मला दिसलं नाही.

समोरच्या भिंतीवर एव्हाना चार डोकी आली होती. दुसऱ्या दिवशी फाटक उघडून सोळा किलो आत आले, मग अठरा, मग एकेक करून बाकीची मुलं. ताईंनी कुणालाच काही विचारलं नाही. बसकरं रोज मांडलेलीच असायची. भाभी एका डब्यात गुजिया घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बुआजी, हमसे गलती हुई." दुसरं कुणी 'अहो, त्यात काय' म्हटलं असतं. ताई म्हणाल्या, "हुई. बच्चे को टोपी पहनाकर भेजा करो." भाभी हसल्या. मला वाटतं त्या दिवसापासून त्यांना ताई आवडायला लागल्या.

कुहूला पुढच्या सत्रात शाळेनं घेतलं. सकाळी शाळा आणि दुपारी आमचं अंगण. ती फार बोलकी झाली असं नाही. अजूनही कुणी एकदम अंगावर आलं की मागे सरायची, पण मागे सरून 'रुक' म्हणायची, आणि मुलं थांबायची. एवढंच काय ते घडलं. तिची आई मात्र दर सणाला येऊन ताईंच्या पाया पडायला बघायची आणि ताई दर वेळी पाय मागे घ्यायच्या.

यंदा दिवाळीनंतर कुहूच्या वडिलांनी देवास गेटचं दुकान बंद केलं. इंदूरला त्यांच्या भावाचा मोठा धंदा आहे, तिकडे जायचं ठरलं. सामान टेम्पोनं आधीच गेलं होतं. बस पकडायला जाताना तिघं जण रिक्षा थांबवून निरोप घ्यायला आले. आई डोळे पुसत होती. "बुआ को नमस्ते करो," ती म्हणाली. कुहू आईच्या मागे उभी होती. ताई म्हणाल्या, "रहने दो. उसका मन नहीं है." मग कुहू पुढे आली. नमस्कार केला नाही. ताईंच्या अगदी जवळ, साडीला टेकून, थोडा वेळ नुसती उभी राहिली. आपले हात कुठे ठेवावेत ते ताईंना कळत नव्हतं. ते हवेत तसेच राहिले. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. ती पळाली.

रिक्षा वळली तरी ताई फाटकाची कडी हातात धरून उभ्या होत्या. मी या वेळी वर गेले नाही, त्यांच्या शेजारीच थांबले. रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. कुणीतरी सायकलवरून भाजी विकत गेलं.

"पोचली असेल का आता?" ताईंनी विचारलं.

पाच मिनिटंही झाली नव्हती. रिक्षा अजून रेल्वेच्या पुलावरही चढली नसेल.

"हो," मी म्हटलं. "पोचली असेल."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कडी लावून आत गेल्या.